पट्टी कोण बदलणार?

(उरण इथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



पत्रकात माझ्या नावापुढे विषय छापलाय, 'भाजलेल्या स्त्रीची शुश्रूषा'. शुश्रूषा म्हटलं की पांढरा पदर आणि सोशिक चेहरा डोळ्यासमोर येतो. मला बोलायचंय ते जखमेवरच्या पट्टीबद्दल. ती कसली असावी, ती कोणी बदलावी आणि तिचे पैसे कोणी द्यावेत, एवढंच.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. एम. एस. डब्ल्यू. करताना क्षेत्रकार्यासाठी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या जळीत विभागात मला पाठवलं होतं. पहिल्या दिवशी मी दारातूनच परत फिरले. वास सहन झाला नाही. तिथल्या सिस्टरने काही न बोलता हातात मास्क आणि गाऊन दिला, म्हणाली, "त्या बायकांना तोच वास स्वतःच्या अंगाला येतोय. चल." त्यानंतर मी तिथे जात राहिले, आणि उरणला काम सुरू केल्यावरही हा विषय काही सुटला नाही.

आधी एकच आकडा सांगते. २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार २००१ या एका वर्षात भारतात आगीने १ लाख ६३ हजारांहून जास्त माणसं मेली. त्यांत सुमारे १ लाख ६ हजार बायका होत्या, बहुतेक १५ ते ३४ या वयातल्या. पोलिसांच्या नोंदींत हा आकडा कितीतरी लहान दिसतो. का दिसतो, ते इथे बसलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. पण आपण मोर्चे काढले ते मेलेल्यांसाठी. काढायलाच हवे होते. ज्या जगतात त्यांचं काय, हे आपण फारसं विचारलं नाही. त्यांच्यासाठी पुढचं वर्ष-दोन वर्षं म्हणजे पट्ट्या.

आता थोडं शरीरशास्त्र.

कातडी म्हणजे नुसतं झाकण नाही. ती अंगातलं पाणी आत धरून ठेवते आणि जंतूंना बाहेर. वरवर भाजलं असेल, फोड आले असतील, तर खाली राहिलेल्या पेशींतून दोन-तीन आठवड्यांत नवी कातडी येते. खोल भाजलं, कातडीचा सगळा थर गेला, तर ती आपोआप येत नाही. मग त्याच बाईच्या मांडीवरून पातळ पापुद्रा काढून जखमेवर लावतात. हे खरं रोपण, कारण आपलंच कातडं आपल्या अंगाला कायमचं चिकटतं. पण निम्मं अंग भाजलेल्या बाईची मांडी तरी कुठून शाबूत असणार? आणि असली तरी पहिल्याच आठवड्यात तिच्यावर आणखी एक जखम करण्याची ताकद तिच्यात नसते. अशा वेळी तात्पुरती कातडी लावतात. त्वचेला पर्याय म्हणतात तो हाच.

हे पर्याय बरेच आहेत, आणि त्यांतल्या काहींची गोष्ट आपल्या अगदी जवळची आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने त्वचापेढी सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठीवरून कातडीचा अगदी पातळ थर काढतात, तपासण्या करतात आणि ग्लिसरिनमध्ये थंड ठेवतात. ती काही वर्षं टिकते. रक्तगट जुळावा लागत नाही. ही कातडी दोन-तीन आठवडे जखमेवर राहते, मग शरीर तिला नाकारतं. पण तेवढ्या काळात अंगातलं पाणी वाहून जाणं थांबतं, वेदना कमी होतात, जंतूंना वाट मिळत नाही आणि बाईला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

दुसरा पर्याय वारेचा. बाळ ज्या पिशवीत वाढतं तिचं आतलं पातळ आवरण बाळंतपणानंतर टाकून देतात. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या ऊतिपेढीत १९८८ पासून हे आवरण तपासून, सुकवून, किरणांनी निर्जंतुक करून जखमांसाठी दिलं जातं. असं किरणांनी निर्जंतुक करण्याचं ट्रॉम्बेचं 'आयसोमेड' केंद्र १९७४ सालचं. घारापुरीच्या पलीकडचा तो किनारा आपल्याला लाँचमधून रोज दिसतो. बाळंतीण विटाळाची, तिची वार पुरून टाकायची, असं ऐकत आपण वाढलो. त्याच वारेने दुसऱ्या बाईची जखम झाकते. मला ही गोष्ट सांगायला नेहमीच आवडते, विषय सोडून असली तरी.

तिसरा पर्याय कोलॅजेनचा. हा कागदासारखा पातळ पडदा जनावरांच्या ऊतींपासून बनवतात. ताज्या, स्वच्छ, वरवरच्या जखमेवर तो छान चिकटतो आणि खाली कातडी आली की सुकून आपोआप सुटतो. तो कशापासून बनतो हे बाईला आधी सांगायला हवं. ते ऐकून नको म्हणणाऱ्या असतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. लावून झाल्यावर कळलं तर मनात वेगळाच घोळ सुरू होतो.

इथपर्यंत सगळ्यांना रस असतो. वर्तमानपत्रातही येतं, 'त्वचादानामुळे तरुणीला जीवदान'. पण ती कातडी लावल्यावर तिच्यावर काय बांधलं, हे कोणी छापत नाही. रोपण वाया जातं ते बऱ्याचदा तिथेच.

लावलेल्या कातडीचे तीन शत्रू. एक घसरणं. खालून बारीक रक्तवाहिन्या तिला धरू पाहत असतात. केसासारख्या त्या. पट्टी जरा सरकली की तुटतात. दुसरा, खाली साचलेलं रक्त किंवा पाणी. ओल्या भिंतीवर पापुद्रा धरत नाही, तसंच हे. आणि तिसरा पू. पट्टी निवडायची ती हे तिन्ही डोळ्यांसमोर ठेवून. म्हणून तिचे थर असतात. कातडीला लागून चिकटणार नाही असा थर, म्हणजे वॅसलिनची जाळी. दवाखान्यात तिला पॅराफिन गॉझ म्हणतात. त्यावर पाणी शोषणारा जाड थर. सगळ्यात वर घट्ट पण रक्त अडणार नाही असं बँडेज, आणि सांधा असेल तर तो हलू नये म्हणून पाटी. नुसता कोरडा कापूस जखमेवर कधीच ठेवायचा नाही. त्याचे तंतू आत रुततात, आणि काढताना नवी कातडी त्याच्याबरोबर येते.

आपल्या आया-आज्या सांगायच्या, जखम उघडी ठेव, वारं लागू दे, खपली धरू दे. खरचटण्यापुरतं ठीक. पण १९६२ साली जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञाने डुकरांवर प्रयोग करून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी लवकर येते. पेशी ओलाव्यातून सरकतात, खपलीखालून त्यांना वाट काढावी लागते. ओलसर म्हणजे चिंब मात्र नव्हे. फार पाझरणारी जखम असेल तर स्पंजासारखी फोमची पट्टी किंवा अल्जिनेटची. हे अल्जिनेट समुद्री शेवाळापासून करतात, करंजाच्या खडकांवर पाय घसरतो त्याच जातीच्या शेवाळाच्या भाईबंदांपासून! कोरडी पडलेली जखम असेल तर ओलावा देणारं जेल. जंतू झाले असतील तर चांदी असलेली पट्टी. चांदीचं ते पांढरं मलम आपल्याकडे सर्रास फासतात. जंतूंवर ते काम करतं, पण नव्या येणाऱ्या पेशींनाही त्रास देतं, म्हणून धरू लागलेल्या कातडीवर ते किती दिवस लावायचं हे डॉक्टरांना विचारायचं. आणि बाई दिवसांत असेल, विशेषतः शेवटच्या दिवसांत, तर ते मलम लावण्याआधी सांगायचं. त्यातल्या सल्फामुळे बाळाला कावीळ वाढण्याचा धोका असतो. भाजलेल्या बाईला पाळी चुकलीय का, हे विचारायचं अनेकदा राहून जातं. तुम्ही विचारा.

स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नव्या कातडीवर ओतायचं नाही. फेस आला म्हणजे जखम साफ झाली, हा आपला गैरसमज.

आता तुम्ही म्हणाल, फोम, अल्जिनेट, चांदी, हे सगळं परवडणार कोणाला? बरोबर. म्हणूनच मला मुंबईतल्या दोन प्रयोगांबद्दल फार आदर वाटतो. १९८०च्या दशकात वाडिया बाल रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या केल्या. साली गॉझवर चिकटवायच्या, वाफेने निर्जंतुक करायच्या आणि भाजलेल्या मुलांच्या जखमांवर ठेवायच्या. साल चिकटत नाही, ओलावा राखते. पुढे शीवला डॉ. गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानाच्या पट्ट्या वापरल्या, भाजलेल्या जागीही आणि मांडीवरून कातडी काढलेल्या जागीही. २००३ साली ते प्रसिद्ध झालं. वॅसलिनच्या जाळीपेक्षा पान काढताना दुखणं खूपच कमी होतं. सोलापूरला डॉ. सुब्रह्मण्यम यांनी मधाच्या पट्ट्यांवर केलेला अभ्यास १९९१चा.

पण थांबा. परसातलं पान तोडून जखमेवर ठेवायचं असा याचा अर्थ नाही. ते पान रुग्णालयात वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेलं असतं. भाजल्याबरोबर घरी करायचं ते एकच, वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांतलं काही नाही.

आता जे बोलायला मी खरं तर आले ते.

काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातली एक मुलगी भाजली. छाती, डावा दंड, कोपर, मान. लग्नाला तीन वर्षं झालेली. 'स्टोव्हचा भडका' असा जबाब. तिच्यासाठी त्वचापेढीतली कातडी मिळाली, ती लागली, नंतर तिच्या मांडीची कातडी दंडावर लावली. पैशांसाठी मी धावले, योजनेचे कागद केले, देणग्या गोळा केल्या. मला माझं फार कौतुक वाटत होतं. तिला घरी सोडताना रुग्णालयाने एक चिठ्ठी दिली, 'एक दिवसाआड ड्रेसिंग'. एवढंच. मी ती चिठ्ठी वाचली, घडी घालून तिच्या पिशवीत ठेवली आणि निघून आले.

एक दिवसाआड ड्रेसिंग कोण करणार होतं? तेव्हा उरणला लोकल नव्हती. रुग्णालयात जायचं म्हणजे दोन बसगाड्या, भाजलेल्या अंगाने, गर्दीत. नवरा रोजंदारीवर. सासू म्हणाली, मला बघवत नाही. जवळच्या दवाखान्यात पट्टीचे पैसे पडत होते, सामान वेगळं आणावं लागत होतं. जाळी संपली तेव्हा घरच्यांनी कापूस आणला, तो स्वस्त. ती मुलगी उजव्या हाताने डाव्या दंडाची पट्टी स्वतःच करत होती, मोरीत बसून, स्वयंपाक उरकल्यावर. मी तेरा दिवसांनी गेले. दंडावरची निम्मी कातडी कापसाबरोबर आली होती. मानेखाली सासूने मायेनं मऊ उशी दिली होती, आणि मान छातीकडे ओढली जाऊ लागली होती. मान भाजलेल्या माणसाला उशी द्यायची नसते, मान मागे ताणून ठेवावी लागते. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. मला माहीत असून.

पुन्हा शस्त्रक्रिया झाली. मान आजही पूर्ण वर होत नाही.

म्हणून सांगते, पट्टी निवडताना जखम किती ओली, किती खोल, हे डॉक्टर बघतील. त्यांनी न विचारलेले प्रश्न आपण विचारायचे. घरी पट्टी बदलणार कोण? तिला पट्टी दाखवून, तिच्याकडून एकदा करून घेतली का? घरात स्वच्छ पाणी कधी येतं? एक दिवसाआड बदलायच्या स्वस्त पट्टीला महिन्याला किती पडतात, आणि पाच दिवस टिकणाऱ्या महाग पट्टीला किती? हा हिशेब मी त्या मुलीनंतर अनेकदा मांडला. प्रवासाचे आणि सोबतीच्या बुडालेल्या रोजाचे पैसे धरले की महाग पट्टी कधीकधी स्वस्त पडते. डॉक्टरांना हा हिशेब दाखवला की ते पट्टी बदलून देतात, असा माझा अनुभव. चिडत नाहीत. त्यांना बसभाडं माहीतच नसतं.

आतली जाळी डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय काढायची नाही. चिकटली असेल तर ओढायची नाही, मिठाचं निर्जंतुक पाणी, म्हणजे सलाइन, टाकून भिजवायची. पट्टी बदलण्याच्या अर्धा तास आधी वेदनाशामक गोळी मागायची. बायका मागत नाहीत. वॉर्डात पुरुष ओरडतो तेव्हा इंजेक्शन येतं, बाई दात आवळून पडते तेव्हा तिला 'शहाणी' म्हणतात. हिरवट पाणी, नवा वास, भोवती लाली, ताप, किंवा थांबलेलं दुखणं पुन्हा सुरू झालं, यांतलं एक जरी दिसलं तरी पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

आणि खाणं. जखमेतून रोज प्रथिनं वाहून जातात. ती भरून काढली नाहीत तर सोन्याची पट्टी बांधली तरी कातडी येणार नाही. अंडी, डाळ, मांदेली, जवळा, जे घरात असेल ते, आणि तिला सगळ्यांच्या आधी. सगळ्यांच्या नंतर जेवायची सवय भाजलेली बाईसुद्धा सोडत नाही. त्या मुलीच्या ताटात मी दोनदा नुसता भात आणि आंबटाचं पाणी पाहिलं.

पट्टीच्या खोलीबद्दल अजून एक. रुग्णालयात ड्रेसिंग रूममध्ये नातेवाइकांना सोडत नाहीत. भाजलेल्या बाईला सासर-माहेरच्या कानांपासून लांब अशी तेवढीच जागा मिळते. त्या मुलीने मला खरं सांगितलं ते पाचव्या ड्रेसिंगला, सिस्टर जाळी भिजवत असताना. स्टोव्ह पेटलेलाच नव्हता. मी काही विचारलं नव्हतं, फक्त तिचा उजवा हात धरून उभी होते. पहिला जबाब एक दिला म्हणून तोंड शिवलं गेलं असं नाही. पुन्हा जबाब देता येतो, दंडाधिकाऱ्यासमोरही देता येतो. पण द्यायचा की नाही, केव्हा, हे तिने ठरवायचं. तिने तेव्हा नाही दिला. दीड वर्षाने माहेरी गेली, मग दिला. मला तेव्हा तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. आता नाही येत. ज्या घरात पट्टी बदलायची आहे त्या घराविरुद्ध जबाब देणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

त्वचादानाचं राहिलं. अठरा वर्षांवरचं कोणीही करू शकतं, म्हातारपणाची अडचण नाही, डोळ्यांना मोतीबिंदू, अंगात साखर, चालतं. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, त्वचेचा कर्करोग, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर नाही. पथक घरी येतं, अर्ध्या-पाऊण तासात काम होतं, रक्त वाहत नाही, पट्ट्या बांधून देह परत देतात. अर्ज भरला तरी शेवटी संमती घरच्यांची लागते, म्हणून घरी आजच बोलून ठेवा. एका सासूने मला विचारलं होतं, "कातडी कुणाची, कोणत्या जातीची?" मी म्हटलं, पेढीत नाव सांगत नाहीत. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "बरं आहे." त्यांना काय बरं वाटलं ते मी विचारलं नाही. गेल्या वर्षी त्यांनीच फॉर्म मागवून घेतला.

जानेवारी २०२४ पासून उरणहून लोकल आहे. नेरूळला उतरून ठाण्याची गाडी धरली की ऐरोली. दोन बसपेक्षा बरं, पण सकाळच्या गर्दीत पट्टी बांधलेल्या दंडाला धक्का लागतोच. म्हणून आम्ही काही जणींनी वार वाटून घेतलेत. जिचं ड्रेसिंग असेल तिच्या त्या बाजूला एक जण उभी राहते, एवढंच काम. सध्या दोघींची ड्रेसिंग चालू आहेत. मंगळवार आणि शुक्रवारला माणूस कमी पडतंय. सकाळची गाडी, दुपारी परत. ज्यांना जमेल त्यांनी मागच्या टेबलावरच्या वहीत नाव लिहा. तिथेच जाळी, फोम, गॅमजीचा पॅड, क्रेप बँडेज ठेवलंय. हातात घेऊन बघा, एकमेकींच्या दंडावर बांधून बघा. केळीची पानंही दिसतील, पण ती जेवणासाठी आहेत.